फेलीचं आजचं वाचन

सोमवार, १२ जानेवारी
वारा उत्तरेचा, गार. खाडी शांत.

रेवस ते भाऊचा धक्का या लाँचवर एकतीस वर्षं इंजिन सांभाळलं, त्यामुळे वही उघडली की हात आधी वारा लिहितो. निवृत्त होताना एक कोरी लॉगबुक घरी आणली होती, ती सहा वर्षं ट्रंकेत पडून होती. शनिवारी अलिबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बायकोच्या डोळ्यांत थेंब कधी घातले ते लिहून ठेवा. म्हणून ही बाहेर काढली. थेंबांना दोन ओळी पुरतात, पण बाकीचं पान कोरं सोडणं माझ्या जिवावर येतं.

तर आधी डोळ्यांचं. फेलीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकला आहे, बाहुली पांढरी दिसते. डावा अर्धा. त्या डोळ्याने समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. बाई म्हणाल्या, उजवा लगेच करून घ्या, उशीर केलात तर डोळ्यातला दाब वाढेल, आणि मग जे जाईल ते परत येणार नाही. हे त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. मी म्हणालो, उद्याची तारीख द्या. फेली म्हणाली, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे पुस्तकाला विचारू. चाळीस वर्षं फेली सकाळचा चहा झाला की बायबलमधलं त्या दिवसाचं देवळातलं वाचन वाचते आणि त्यात जे येईल ते आपल्याला सांगितलं असं धरून चालते. आमच्या मुलीला, रेनिताला, कुवेतला नर्स म्हणून पाठवायची की नाही यावर महिनाभर घरात खल चालला होता. एक दिवस अब्राहामाला देवाने 'तुझा देश सोड' म्हणून सांगितल्याचं वाचन आलं आणि दुपारी फेली पोरीला घेऊन पासपोर्टचा फॉर्म भरायला गेली. मी कधी आड आलो नाही. एक तर मी घरी नसायचो, आणि दुसरं म्हणजे तिचे निर्णय माझ्यापेक्षा बरे निघायचे.

आता पावसाळ्यापासून तिला अक्षर दिसत नाही. रेनिताने माझ्या फोनवर ॲप टाकून दिलंय. बोट लावलं की आजचं वाचन येतं, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. म्हणजे मी वाचणार, फेली ऐकणार, देव सांगणार आणि आम्ही अलिबागला जाणार. असा बेत आहे.

आज एका माणसाच्या दोन बायका आणि त्यातली एक मूल नाही म्हणून रडते, असं आलं. डोळ्यांचं काही नाही.

(आम्ही घरात आमची कोर्लईची पोर्तुगीज वळणाची बोली बोलतो. तिला शाळा नाही नि लिपी नाही, म्हणून फेलीचं बोलणं इथे मराठीत लिहितो. फेलीला कळलं तर म्हणेल, माझ्या तोंडी भलतंच घातलंत.)

बुधवार, १४ जानेवारी
थेंब ७, २, ९.

आज एली नावाचा म्हातारा याजक आला आणि पहिल्याच चार ओळींत लिहिलंय की त्याची नजर मंद झाली होती, त्याला दिसत नव्हतं. मला हर्षाच्या उकळ्या फुटल्या. ती ओळ मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा जरा जोरात. फेलीने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "पण त्याचं कुठं ऑपरेशन झालं? आणि देव त्याच्याशी बोललाच न्हाय. दुसऱ्याशी बोलला."

हिच्याशी वाद घालण्यापेक्षा लाँचचा गिअरबॉक्स उघडणं सोपं.

शुक्रवार, १६ जानेवारी
पक्षाघाताच्या माणसाला त्याच्या चार दोस्तांनी छप्पर उघडून खाली सोडलं आणि येशूने त्याला बरं केलं. मी म्हणालो, बघ, आजारी माणसाला न्यायला लोक छप्पर काढतात. फेली म्हणाली, "आपल्याला हमदुल्लाची रिक्षा हाय. कौलं कशाला काढताय?"

पण तारीख घेऊ का, विचारलं तर पुन्हा 'बघू'.

एक नोंद करून ठेवतो. सकाळी सातला मी वाचायला बसलो तेव्हा फेलीने केस विंचरले होते, फुलांची साडी नेसली होती आणि कानात रेनिताने पाठवलेले डूल. मी विचारलं, कोण येणार आहे? म्हणाली, कोणी न्हाय.

सोमवार, १९ जानेवारी
हमदुल्लाकडे रेवदंड्याला जाऊन आलो. हमदुल्ला लाँचवर माझ्याबरोबर खलाशी होता, आता रिक्षा चालवतो आणि अजूनही वळताना भोंगा दिल्यासारखा हॉर्न देतो. त्याचे दोन्ही डोळे मागल्या वर्षी झाले. तो म्हणतो, पंधरा मिनिटांचं काम, इनासभाय, चहा गार होत न्हाय तेवढ्यात माणूस बाहेर. भाभीला घाबरायचं काय? मी म्हणालो, ती घाबरत नाही, ती वाट बघते.

परत येताना पुलावर विचार केला. फोनवर सगळं बायबल आहे. कुठलंही पान उघडता येतं. 'आजचं' वाचन कुठलं ते फेलीला दिसत नाही. मी आयुष्यात बायकोशी खोटं बोललेलो नाही (दोन-तीन वेळा सोडून), पण हे खोटं कसं म्हणायचं? शब्द देवाचेच. फक्त पान मी निवडणार.

मंगळवार, २० जानेवारी
पाप सोपं नसतं. शोधायच्या चौकटीत 'डोळा' टाइप केलं आणि जे पहिलं आलं ते न बघताच वाचायला सुरुवात केली. तुझा डोळा तुला पापात पाडत असेल तर तो उपटून टाक, असं ते निघालं. मध्येच थांबलो आणि खोकल्याची उबळ आणली. फेली म्हणाली, पाणी घ्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण पदर तोंडाला लावला होता.

मग दुपारी नीट बसून शोध घेतला. तोबितचं पुस्तक सापडलं. म्हातारा तोबित आंधळा होतो, डोळ्यांवर पांढरे पडदे येतात, म्हणजे मोतीबिंदूच की. त्याचा मुलगा मासा पकडतो, त्या माशाचं पित्त बापाच्या डोळ्यांना लावतो, पडदे सोलून निघतात आणि म्हाताऱ्याला दिसायला लागतं. ऑपरेशनच आहे हे. आणि त्यात मासासुद्धा. कोर्लईच्या माणसाला याहून जास्त काय हवं? उद्यापासून रोज थोडं थोडं वाचायचं.

बुधवार, २१ जानेवारी
वारा पडला. थेंब वेळेवर.

तोबित सुरू केला. फेली भलतीच रमली. आंधळा तोबित बायकोवर करडू चोरून आणल्याचा आळ घेतो आणि ती त्याला फाडफाड बोलते, तिथे ती हसून हसून लोटपोट. म्हणाली, आंधळा नवरा बायकोवर संशय घेतो आणि आंधळी बायको नवऱ्यावर विश्वास ठेवते, बघा. मी म्हणालो, हो ना.

अकरा वाजता शेजारची नातालीन आली. ती रोज सकाळी देवळात मिस्साला जाते. म्हणाली, फादरनी आज दावीद आणि त्या राक्षसाएवढ्या माणसाचं काय छान सांगितलं, गोफणीने एकच दगड मारला. मग फेलीला विचारलं, तुमच्याकडे आज काय वाचलंत? फेली म्हणाली, "तेच. गोफणीचं."

मी चाटच पडलो. चार तासांपूर्वी हिने तोबित ऐकला आणि हिला गोफण आठवते. फेलीला आताशा विसरायला होतं की काय? पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालायला हवं.

शनिवार, २४ जानेवारी
आज मासा आला. नदीत पाय धुताना तो मुलाच्या पायावर झेपावतो. फेलीने विचारलं, कुठला मासा असेल? मी म्हणालो, पायाला लागणारा म्हणजे शिंगाळाच. ती म्हणाली, शिंगाळ्याच्या पित्ताने कोणाचं भलं झालं न्हाय, जिताडा असणार. यावर आमचा अर्धा तास गेला. मग तिने विचारलं, लाँचखाली कधी मोठा मासा अडकला होता का? मी तिला त्या वेळची गोष्ट सांगितली, करंज्याच्या पुढे पंख्यात जाळं गुंडाळलं होतं आणि मी आणि हमदुल्ला पाण्यात उतरलो होतो. पन्नास माणसं लाँचवर, आणि त्यांतली एक बाई वरून आम्हाला सूचना देत होती. फेलीला हे माहीतच नव्हतं. एवढी जुनी गोष्ट मी तिला कधी सांगितलीच नव्हती.

चहा दोनदा झाला. ऑपरेशनचं विचारायचं राहून गेलं.

बुधवार, २८ जानेवारी
तोबितला दिसायला लागलं. पडदे सोलले जातात ते मी जीव ओतून वाचलं. आणि मग थांबलो. फेली म्हणाली, पुढं? मी म्हणालो, पुढं काही नाही, मुलाला गळ्याशी धरून रडतो. म्हणाली, ते वाचा की. वाचलं. मग म्हणाली, "छान होतं. उद्या दुसरं काय असेल?"

मी सरळ विचारलं, हे वचन नाही तर काय आहे? ती म्हणाली, त्यात मुलाने केलं, आपली मुलगी कुवेतला आहे. आता काय करायचं? फोनवर रेनिता रडकुंडीला आली आहे. म्हणते, पप्पा, उचलून न्या.

शुक्रवार, ३० जानेवारी
वारा फिरला, वायव्येचा.

आज रस्त्याकडेच्या आंधळ्या भिकाऱ्याचं वाचलं. येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? आणि तो म्हणतो, मला दिसावं. इतकं सरळ. फेलीने ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "त्याला निदान विचारलं तरी, तुला काय हवं म्हणून. मला कोणी विचारलं?"

माझं डोकं फिरलं. विचारायचं काय त्यात? दिसायला हवं, हे शेंबड्या पोराला कळतं. मी फोन ठेवला आणि तडक जेट्टीवर निघून गेलो. दोन तास बोटी बघत बसलो. आलो तेव्हा ती तशीच खुर्चीत बसली होती, चहाच्या कपावर बशी झाकून.

सोमवार, २ फेब्रुवारी
आज सणाचा दिवस, देवळात मेणबत्त्या आशीर्वादित करतात. मी सकाळी हमदुल्लाबरोबर चौलला नारळ आणायला गेलो होतो, म्हणून वाचन दहा वाजता झालं. मी दुसऱ्या एका आंधळ्याचं वाचलं, जो दोन टप्प्यांत बरा होतो. म्हटलं, दोन डोळे, दोन टप्पे, कळेल तिला. टेबलावर नातालीनने आणून ठेवलेली मेणबत्ती होती. फेलीचं आज लक्ष नव्हतं. माझा हात धरून बसली होती आणि सोडत नव्हती. विचारलं, काय होतंय? म्हणाली, डोकं जरा दुखतंय. बाम लावला.

बुधवार, ४ फेब्रुवारी
डोकं अजून दुखतंय म्हणते. बाम संपला. वाचायला मात्र सातला तयार.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
अलिबाग. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय.

काल सकाळी वाचताना फेली एकदम उठली आणि मोरीपाशी जाऊन उलटी केली. उजेडात बघितलं तर उजवा डोळा लालबुंद, बाहुली धूसर. तिला विचारलं, कधीपासून दुखतोय? म्हणाली, रविवारपासून. चार दिवस. हमदुल्ला वीस मिनिटांत आला आणि काल पहिल्यांदा त्याने एकदाही हॉर्न दिला नाही.

डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडल्या. चिडणारच. दाब कमी करायला सलाईन लावलं, उद्या ऑपरेशन. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आत्तापर्यंत जे गेलं असेल ते गेलं, पंधरा दिवस आधी आला असतात तर पूर्ण नजर राहिली असती. आता किती राहील सांगता येत नाही.

मी आत जाऊन तिच्या खाटेशी बसलो. सगळं कबूल केलं. तोबित, भिकारी, सगळे आंधळे मी शोधून काढले होते, त्यांतलं एकही आजचं वाचन नव्हतं. देवाच्या नावावर मी तुला फसवलं.

ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. जगभर सगळ्या देवळांत एका दिवशी एकच वाचन असतं. नातालीन रोज येऊन सांगते की. तुम्हाला एवढं पण कळलं न्हाय?"

एकतीस वर्षं इंजिन चालवलं, पण हे डोक्यात आलं नाही, हे खरं आहे. मग मी शेवटी विचारलं. आधी विचारायला हवं होतं ते. फेली, तुला काय हवंय?

तिने तोंड भिंतीकडे केलं. म्हणाली, "डोळे आल्यावर तुम्ही परत जेट्टीवर जाऊन बसणार. मी परत एकटी वाचणार. चाळीस वर्षं वाचलं एकटीने. लाँचवरून तुम्ही शनिवारी यायचात, झोपायचात, सोमवारी जायचात. रेनिता पाच वर्षांची होती तेव्हा शिष्य जाळी टाकून येशूच्या मागे गेले ते वाचन आलं. मी तुम्हाला म्हटलं, वचन आलंय, लाँच सोडा. तुम्ही काय म्हणालात ठाऊक हाय? म्हणालात, माझं जाळं न्हाय, इंजिन हाय. आणि हसलात."

मला आठवत नाही. पण मी असंच बोललो असणार, माझाच आवाज आहे तो.

मग तीच पुढे म्हणाली, "वचन आलं होतं हो. सोमवारी. मेणबत्त्यांच्या दिवशी. तो म्हातारा शिमोन बाळ येशूला हातात घेतो आणि म्हणतो, माझ्या डोळ्यांनी बघितलं, आता मी सुखाने जातो. नातालीनने येऊन सांगितलं. मी ऐकलं आणि गप्प बसले. म्हटलं, अजून चार दिवस मिळतील. डोळा तेव्हाच दुखत होता."

माझ्यासारख्या माणसाशेजारी सकाळी तासभर बसायला मिळावं म्हणून कोणी डोळा पणाला लावेल, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिलो. नर्सने उठवलं तेव्हा उठलो.

रविवार, ८ फेब्रुवारी
पट्टी काढली. उजव्या डोळ्याला उजेड कळतो, रंग कळतात, हात हलवलेला दिसतो. बाईंनी दाखवलेल्या तक्त्यातली पहिली सगळ्यात मोठी ओळही वाचता आली नाही. बाई म्हणाल्या, याच्या पुढे फार सुधारणार नाही. डावा आतून चांगला आहे, तो वेळेत केला तर वाचता येईल, सुईत दोरासुद्धा ओवता येईल.

मी फेलीला जसंच्या तसं सांगितलं. यापुढे तिच्यापासून काही झाकायचं नाही. ती म्हणाली, "एक गेला तो माझ्यामुळे. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका." मी म्हणालो, निम्मा माझ्यामुळे. यावर आमचं भांडण झालं, हळू आवाजात, कारण शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती.

मंगळवार, १० फेब्रुवारी
घरी. थेंब आता सहा वेळा.

डाव्या डोळ्याची तारीख मी घेतली, २ मार्च. कुठल्याही पानाला विचारलं नाही. फेलीला येऊन सांगितलं, तारीख घेतली आहे, आणि मी सकाळी सातला खुर्चीत असेन, २ मार्चच्या आधीही आणि नंतरही. तुला दिसलं तरी. जेट्टीवर नऊनंतर जाईन. ती म्हणाली, दिसायला लागल्यावर मीच वाचीन, तुम्ही जोडाक्षरं खाता. मी म्हणालो, मग मी ऐकेन. तिने विचार केला आणि म्हणाली, एक दिवस तुम्ही, एक दिवस मी.

'बघू' म्हणाली नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी
वारा उत्तरेचा, मंद. ऊन लवकर चढलं.

सातला बसलो. फेलीने केस विंचरले होते, डोळ्यांवर काळा चष्मा, कानात डूल. ॲप उघडलं, तारीख तिला मोठ्याने वाचून दाखवली आणि जे आजचं होतं तेच वाचलं. यराबाम नावाच्या राजाने सोन्याची दोन वासरं करून घेतली, एक या गावात ठेवलं, एक त्या गावात, आणि त्यामुळे त्याच्या घराण्याचा नाश झाला. मी पुन्हा वरून खालपर्यंत बघितलं. डोळे नाहीत, नवरा-बायको नाहीत, दवाखाना नाही, मार्च नाही. आमच्या घरात सोन्याचं वासरूही नाही.

मी म्हणालो, फेली, आज आपल्यासाठी काहीच नव्हतं.

ती म्हणाली, "नसू दे. बसलात ना."